बांगडीच्या काचेचं घर

आमच्या प्रयोगशाळेत एका बशीत तळ्यातले अमीबा आहेत. ते वाळूचे कण गिळून ठेवतात आणि एकाचे दोन होताना त्याच कणांतून नव्या जिवाचं घर रचतात. मागच्या आठवड्यात मी त्यांना वाळूऐवजी माझ्या जुन्या बांगड्यांची बारीक पूड दिली. आज सूक्ष्मदर्शकाखाली लाल-हिरवी घरं दिसली.

उद्या हे मला एका मराठी शाळेत सांगायचं आहे. मुलं माझ्या इंग्रजीमिश्रित मराठीला हसतील, म्हणून मी 'येत नाही' असं कळवणार होते.

तेवढ्यात बशा विसळणारे कदमकाका येऊन सूक्ष्मदर्शकात डोकावले. "झकास की! आणि या लालची आई कुठाय?"

मी शेजारचं वाळूचं राखाडी घर दाखवलं. "ही. दोघींचा शेप बघा, सुगडासारखाच. तो जीन्समधून येतो. कण मात्र आजूबाजूला असतील ते."

"म्हणजे घाट आईचा आणि काच तुमची."

"हो."

"मग पोरांना हेच सांगा. मला कळलं, त्यांना नाही कळणार?"

ते गेल्यावर मी पुन्हा डोळा लावला. एकाच पेशीचा जीव, पण त्यालाही वारसा आणि शेजार दोन्ही लागतात. मघाशी माझ्या बोलण्यात माझ्या शाळेतले इंग्रजी शब्द चमकत होतेच. वाक्यांचा घाट मात्र आईचा होता.

लाल घरातून एक पारदर्शक पाय सावकाश बाहेर येत होता. मी शाळेला येते म्हणून कळवलं.