भोंग्यावर जावईबापू

आमच्या गावची यात्रा चैत्रात भरते आणि यात्रेत घोड्यांची शर्यत असते. गहू-हरभरा निघून गेलेल्या वावरात लांब पट्टा आखतात, धूळ बसावी म्हणून टँकरनं पाणी मारतात. साखरखेर्ड्याकडून, बीबीकडून, पार जालन्याकडून घोडे येतात. घरोघरी पाहुणे. त्या वर्षी माझी नणंद देऊळगाव राजाहून आधीच आली. जावईबापू शर्यतीच्या दिवशी येणार होते. घोड्यांचं तिला लहानपणापासून वेड. पण माझ्यासोबत रोडगे भाजायला बसली, ती गप्पच. विचारलं तर म्हणाली, "काही नाही वहिनी, ऊन लागलं."

शर्यतीला आम्ही बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या होतो. खाली जिलबीची, बांगड्यांची दुकानं. दोन-दोन घोडे सुटत होते. एक पांढरी घोडी पुढं निघाली तशी सगळी ट्रॉली ओरडली. नणंदही ओरडली, हातातली गोडीशेव सांडली तरी तिचं लक्ष नव्हतं. मला बरं वाटलं. खुलली एकदाची.

पुढच्या जोडीला भोंग्यावर ओळखीचा आवाज आला. पंचांनी गावचे जावई म्हणून जावईबापूंना फेटा बांधला होता आणि माईक हातात दिला होता. माणूस मास्तर, बोलण्यात पटाईत. "अरे, त्या मागच्या काळ्याले कोणी चहा पाजा रे!" मैदान खो खो हसत होतं. शेजारची बाई नणंदेला म्हणाली, "नशीबवान हायेस बाई. घरी बी असंच हसवत असतीन!"

नणंद ट्रॉलीत खाली बसली. मीही बसले. भोंग्याच्या गलक्यात तिचं बोलणं माझ्याशिवाय कोणाला ऐकू येणार नव्हतं.

"वहिनी, दिवाळीपासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. भाजीत मीठ कमी पडलं तं ते बी सासूबाईले सांगतेत. त्यायचा एवढा आवाज मी आज ऐकून राह्यली."

"काऊन? भांडण झालं?"

"माहीत असतं तं पाय धरले असते. मारत नाहीत, पीत नाहीत. सांगू काय कोणाले?"

वर लोक हसतच होते.

दिवेलागणीला पंगत बसली. जावईबापू माझ्या सासऱ्यांना शर्यतीच्या गमती सांगत होते. नणंद पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या पुढ्यातच उभी होती. जेवता जेवता ते म्हणाले, "मामा, तिले सांगा, सकाळी लवकर निघाचं हाये."

माझ्या हातातली वरणाची पळी थांबली. बोलावं की नाही, असा विचार करायला वेळच झाला नाही. "ती इथंच उभी हाये, जावईबापू. तुमीच सांगा नं."

ते हसले. मग हसायचे थांबले. ताटाकडे पाहत राहिले. नणंद वाट पाहत होती, तिचा चेहरा मला बघवेना. त्यांनी ताटातच हात धुतला, उठले आणि मोटरसायकल काढून निघून गेले.

सासरे माझ्यावर चिडले. "पाहुण्याले ताटावरून उठवत असतेत का, सूनबाई?" पण जरा वेळानं लेकीला जवळ बसवून म्हणाले, "सांग माय, काय झालं ते." तिनं सांगितलं. त्यांना पुरतं कळलं नसावं. बोलत नाही म्हणजे काय, असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

ती पावसाळ्यापर्यंत माहेरी राहिली. गावात लोक म्हणायचे, एवढा हसतमुख माणूस, पोरीचंच काही तरी असंल. काही जण माझंही नाव घ्यायचे. मग एक दिवस जावईबापू आले आणि सगळ्यांसमोर तिच्याकडे पाहून म्हणाले, "चाल." घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ती पिशवी भरायला आत गेली. मी म्हणाले, "मनात नसंल तं नको जाऊ." ती म्हणाली, "बोलले तं खरं, वहिनी."

आता मी अधूनमधून फोन करते. "बोलतेत का?" विचारलं की म्हणते, "बोलतेत. कामापुरतं." मग आम्ही भाज्यांच्या भावाचं बोलतो.