वंदनाचा ग्लोव्ह

भाचीने सॉफ्टबॉलची बॅग उघडली. घामेजलेल्या चामड्याचा तो आंबट वास आला आणि मला किळस आली.

ऐंशीच्या दशकातली आमची मुलुंडची शाळा. जिल्ह्याच्या संघात एकच जागा उरली होती, वंदनाला किंवा मला. सरांनी स्कोअरची वही उघडली. दहा वेळा बॅटिंगला येऊन माझे चार हिट, वंदनाचे तीन.

"दहात चार म्हणजे झकास अ‍ॅव्हरेज," सर म्हणाले.

ती वही माझी ताई लिहायची. फिल्डरच्या हातून बॉल सुटला तर तो हिट धरत नाहीत. ताईने माझे तसलेही हिट धरले होते आणि मला ते माहीत होतं.

"त्यातले दोन तर सुटलेले कॅच होते ना गं?" वंदनाने हळूच विचारलं.

"वहीत काय लिहिलंय ते बघ ना," मी म्हटलं.

शाळेचा एकुलता एक चांगला ग्लोव्ह तिच्या हातात होता. सरांनी तो मला द्यायला सांगितला. तिने तो काढून दिला. आतून तो अजून गरम आणि ओला होता. मी नाक मुरडून तो तिच्यासमोरच स्कर्टला पुसला.

तेव्हाही मला किळस आली होती, पण तिच्या घामाची.