एकसष्टावा दात

यशवंतपूरचा कारखाना बंद पडला आणि आमच्या घरातल्या एकाही वस्तूला सुख म्हणून उरलं नाही. आप्पांनी आधी मिक्सर उघडला. मग आईचं शिलाई मशीन. मग भिंतीवरचं घड्याळ, जे बिचारं दहा वर्षं मुकाट्याने बरोबर वेळ दाखवत होतं. आई ओरडली, "अहो, ते बिघडलंच नव्हतं!" तर म्हणे, "बिघडायच्या आधीच बघायचं असतंय." त्यानंतर ते घड्याळ रोज सात मिनिटं पुढे जायला लागलं.

आप्पा अठ्ठावीस वर्षं गिअर कापत होते. तरुणपणी निपाणीहून बंगळूरला आले ते थेट त्या मशीनपुढेच उभे राहिले. लोखंडाच्या चकतीवर एकसारखे दात पाडायचे, हेच काम. गल्लीतली सगळी माणसं त्यांना अण्णा म्हणायची आणि सायकलच्या चेनपासून पाण्याच्या पंपापर्यंत काहीही अडलं की आमच्या दारात यायची. असा माणूस घरात बसला की घर कसं होतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. सकाळी उठून फाटकापर्यंत जायचे, परत यायचे. पुन्हा जायचे. मला तर वेडच लागायची पाळी आली होती.

काम नव्हतं असंही नाही. शहराबाहेर आनेकलला एकाने नवीन वर्कशॉप टाकलं होतं, त्याला गिअरचा जाणता माणूस हवा होता. पण त्याचं म्हणणं, एकदा येऊन नमुन्याचा एक गिअर कापून दाखवा. झालं! आप्पांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अठ्ठावीस वर्षं दात पाडले, आता मी परीक्षा देऊ? त्या काल पैदा झालेल्या पोराला?" शनिवारपर्यंत या, असा निरोप होता. आई रोज एकदा विषय काढायची आणि रोज एकदा ताट बाजूला सरकवून आप्पा उठायचे. बावन्नाव्या वर्षी दुसरं कोण बोलावणार होतं त्यांना? हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

मी तेव्हा बीएस्सी होऊन कॉम्प्युटरचा कोर्स करत होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं, बंगळूरात ज्याला त्याला कॉम्प्युटरच करायचा होता. मामेभाऊ परदेशी गेला तेव्हा त्याचा जुना कॉम्प्युटर माझ्याकडे आला, सरावासाठी. सराव कसला! त्यात गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम होता आणि मी दुपारभर तोच खेळायची. एक ट्रॅक होता, डोंगरातला, शेवटी लांबच लांब सरळ रस्ता. त्याची एक फेरी मला दोन मिनिटांच्या आत काही केल्या पुरी करता येईना. दोन मिनिटं एक सेकंद, दोन मिनिटं अर्धा सेकंद. मी माऊस आपटायची, नखं खायची, पुन्हा बसायची. राग आमच्या घरात वारशाने येतो.

त्या गेममध्ये गाडीचे गिअर आपल्याला हवे तसे बदलता यायचे. सहा गिअर, प्रत्येकासमोर एक आकडा. आणि सगळ्यांच्या खाली एक वेगळा आकडा, फायनल ड्राइव्ह, म्हणजे टायरजवळची, एका लहान आणि एका मोठ्या दातेरी चाकाची शेवटची जोडी, जिचा परिणाम सहाही गिअरांवर होतो. आकडा मोठा केला की गाडी झटकन उचलते पण वेग लवकर संपतो. लहान केला की वेग मिळतो, पण गाडी म्हशीसारखी सावकाश उठते. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी नुसती बटणं दाबत सुटायची.

एका दुपारी आप्पा फाटकाकडून परत येताना माझ्या मागे थांबले.

"हे आकडे कशाचे गं?"

"गिअरचे."

"दात किती?"

"दात नसतात आप्पा. नुसता रेशो असतो."

"दाताशिवाय रेशो कुठला?" असं म्हणून त्यांनी खुर्ची ओढली.

त्यांनी मागच्या महिन्याचं कॅलेंडरचं पान फाडून घेतलं आणि पाठकोऱ्या बाजूवर एकेका गिअरचे दात मांडायला लागले. तिसऱ्याला एवढे, चौथ्याला एवढे. "हितं बघ, दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना लई खाली पडतोय इंजिनाचा वेग. तिसऱ्याचा आकडा स्वल्प जवळ आण." मी जवळ आणला. खरंच, घाटात गाडी दमेनाशी झाली! तीन दुपारी आम्ही असे बसलो. ते फाटकाकडे गेले नाहीत, घड्याळाला हात लावला नाही. आई स्वयंपाकघरातून वाकून बघायची आणि चहा आणून ठेवायची. मला इतकं बरं वाटत होतं की दोन मिनिटांचंही विसरायला झालं होतं.

चौथ्या दुपारी आम्ही फायनल ड्राइव्हपर्यंत पोचलो. मी तीन केला.

"तीन? सरळ तीन?" आप्पा एकदम ताठ झाले. "असं कुठं असतंय काय! लहान चाकाला वीस दात धर, तर मोठ्याला बरोबर तिप्पट, साठ. म्हणजे जन्मभर त्याच दातावर तेच दात घासणार. एखादा दात जरा जरी खराब असला तर दर फेरीला त्याच जागी मार. मोठ्याला एक दात जास्त घाल. एकसष्ट. मग प्रत्येकाची गाठ प्रत्येकाशी पडती, झीज सगळ्यांत वाटली जाती. तीन पॉइंट शून्य पाच कर."

हा त्यांच्या कारखान्यातला रिवाज होता. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. पूर्ण भाग जाणारी जोडी ड्रॉइंगमध्ये दिसली की आप्पा साहेबाच्या टेबलापर्यंत जाऊन भांडायचे.

"आप्पा, इथे लोखंड नाही! काही झिजत नाही!"

"आज झिजत नसंल. सवय वाईट लागती."

"कसली सवय? गेम आहे हा!"

"तीन मी ठेवू देणार नाही."

आणि मग माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. मी म्हणाले, "समोरचा साठ म्हणतो तर गुपचूप साठ द्यावेत ना! ही तुमची शहाणपणाची खोड, म्हणूनच घरी बसलात!"

खोटं होतं ते. कारखाना सगळ्यांनाच घेऊन बुडाला होता, आप्पांच्या खोडीचा त्यात काडीचा संबंध नव्हता. मला माहीत होतं, तरी बोलले. आप्पांनी पेन्सिल टेबलावर ठेवली, नीट, टोक माझ्याकडे येणार नाही अशी, आणि फाटकाकडे निघून गेले.

दोन दिवस आम्ही एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही. शुक्रवारी दुपारी मला राहवेना. कॅलेंडरच्या पानावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, ६१/२०. मी रागारागातच तीन पॉइंट शून्य पाच केला आणि फेरी मारली. एक मिनिट एकोणसाठ! गाडीला हवी तेवढी ओढ जास्त मिळाली होती, दातांचा काही प्रश्न नव्हता. पण मी बोंबलतच बाहेर धावले, "आप्पा, दोनच्या आत आलं! तुमच्या एकसष्टावर!" ते फाटकाला टेकून उभे होते. "हं," म्हणाले. मी माफी मागायची ती तिथेच राहिली.

शनिवारी सकाळी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पुढे आले. "आनेकलला जाऊन येतो. येतीस काय?"

अख्ख्या बसप्रवासात मी एकच गोष्ट मनात घोकत होते. आप्पांनी तिथे तोंड उघडू नये. देवा, आजच्या दिवस यांना गप्प ठेव. मशीन चालवतील, हात बघितला की तो पोरगा खुळा होईल, फक्त वाद नको.

वर्कशॉपचा मालक तिशीचा, भला माणूस निघाला. कॉफी मागवली, "बन्नी, या अण्णा" म्हणून खुर्ची दिली. मग त्याने ड्रॉइंग पसरलं. मी उलट्या बाजूने वाचलं. लहान चाक, वीस दात. मोठं चाक, साठ. कापून दाखवायचं होतं ते मोठंच.

आप्पांचं बोट कागदावरून सरकत साठवर येऊन थांबलं. हे बोट मी लहानपणापासून ओळखते. आता आप्पा बोलणार. त्यांनी मान वर केली, पण मालकाकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मग मालकाला म्हणाले, "सरी, ठीक आहे," आणि मशीनकडे गेले.

मला हवं तेच झालं होतं. मग जीव भांड्यात पडायला नको का? उलट मला तिथे उभंच राहवेना. आप्पा चकती मशीनवर चढवत होते, आणि मी या खांबाजवळून त्या खांबाजवळ येरझाऱ्या घालत होते. शेवटी मालकापुढे जाऊन कन्नडमध्ये बोलून गेले, "साठ नको, एकसष्ट करा. साठ केले तर तेच दात त्याच दातांवर घासत राहतात. एक दात जास्त लागतो."

तो गोंधळला. "हौदा अण्णा? असं आहे का?"

आप्पांनी मागे वळूनही पाहिलं नाही. बोल्ट आवळत म्हणाले, "ती कॉम्प्युटरवर गाड्या पळवती. तिचं काय मनावर घेऊ नका."

मालक हसला. काय करणार, मीही हसले. गिअर उतरला तेव्हा त्याने दातांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि म्हणाला, "सोमवारपासून या."

आई त्या संध्याकाळी रडली, आनंदाने. शेजारी पेढे गेले. मी कॉम्प्युटर लावून बसले, पण गाडी सुरूच केली नाही. आप्पा मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर त्यांचा आकडा तसाच होता, तीन पॉइंट शून्य पाच.

"तीन कर की," ते म्हणाले. "सोपं पडतंय."

मी नाही केलं.