गल्ली तीनचं पांढरं पान

गावात नळाला पाणी आठ दिवसांनी येई, तेही तासभर. कोणत्या गल्लीला किती वाजता, ते फलक नावाच्या मुलीनं बनवलेल्या वेबपानावर दिसे. निदान तिच्या फोनवर तरी दिसे.

गल्ली तीनच्या वच्छलाबाई रिकामी घागर घेऊन फलकच्या दारात आल्या.

"पोरी, तुहं पान पांढरंच. मी पाहूनच राह्यली अन् पानी येऊन गेलं."

"नेट गेलं असंल, मावशी."

"नेट हाय. लोकायचे नाच दिसतेत त्याच्यात."

पाणी समितीच्या उत्तमरावांनी एका वाक्यात निकाल लावला. पाण्याच्या पुढच्या पाळीला असंच झालं तर पान बंद, पूर्वीसारखा भोंग्यावरून पुकाराच बरा.

फलकनं वच्छलाबाईंचा फोन मागून घेतला. आठ वर्षं जुना. तिचं पान फोनला वेळापत्रक देतच नव्हतं. जावास्क्रिप्टचा मोठा प्रोग्रॅम देत होतं, आणि वेळापत्रक मागवून पान जुळवायचं काम फोनवर टाकत होतं. जुना फोन तिथंच अडकत होता. तिनं तपासलं होतं फक्त स्वतःच्या नव्या फोनवर.

वडील कय्यूम सुतार रंधा मारत ऐकत होते.

"चौकट आपन इथं ठोकून देतो, का गिऱ्हाइकाच्या दारात लाकडं टाकून येतो?"

"ठोकून देतो, अब्बा."

"मंग?"

तिला पाच दिवस लागले. आता गल्लीगल्लीला पाणी सोडणाऱ्या भागवत व्हॉल्व्हवाल्यानं वेळ बदलली, की सर्व्हरच अख्खं पान तयार करून ठेवी; फोननं फक्त दाखवायचं. तिनं फोनमधलं जावास्क्रिप्ट बंद करून पाहिलं. वेळा आल्या, गल्ल्यांची नावं गायब. नावं अजून जुन्याच वाटेनं, जावास्क्रिप्टमधून, येत होती. पुन्हा बसली. मग गल्लीतून अकरा जुने फोन गोळा केले. अकराव्यावर पान उघडलं तेव्हाच उठली.

पाण्याच्या पाळीच्या दिवशी भागवतनं ऐन वेळी सहाचे साडेपाच केले. पाच वाजून वीस मिनिटांनी फलक गल्ली तीनमध्ये धावली.

वच्छलाबाई सात घागरी मांडून नळापाशी बसल्या होत्या.

"नवी वेळ दिसली का, मावशी?"

"दिसली म्हनून त बसली. नाही त नळाचं तोंड पाहाले आली काय?"

नळ खोकला. पाणी आलं. फलक ओट्यावर टेकली आणि आठवड्यात पहिल्यांदा पाय सैल सोडले.

तेवढ्यात फोन वाजला. अब्बा.

"गावाले सांगत फिर तू. आपल्या नळाले बी पानी आलं, अन् घरी एक घागर भरली नाही."

ती हसतच घराकडे पळाली.