सिस्टरच्या हातात थांबलेली सुई

देव आपलं ऐकतो की नाही, ही शंका मला जन्मात पहिल्यांदा आली ती परभणीच्या दवाखान्यात. आमचे हे तापानं नुसते फणफणत होते. पोटात पाण्याचा घोट टिकेना, डोळे उघडायचंही त्राण उरलं नव्हतं. वालूरहून गाडी करून आणलं, वॉर्डात खाट मिळाली. दवाखान्यातलं सगळं सून बघायची. मी आपली उशाशी बसून पोखर्णीच्या नरसिंहाला विनवीत राहायची.

त्या दुपारी सून रक्ताचा रिपोर्ट आणायला खाली गेली आणि माझ्या ध्यानात आलं, यांचे पाय दक्षिणेला! आधीच जीव टांगणीला, त्यात यमाच्या दिशेला पाय. मला बसवेना. समोरच्या रांगेत पिंगळीचे एक आजोबा होते. त्यांना म्हणलं, "भाऊ, खाट बदलता का?"

ते हसले. "बदला की वहिनी. मला झोप कुठं बी लागती, अन् यम तर वळखीचाच हाय."

त्यांच्या लेकानं हात लावला, यांना तिकडं निजवलं. खाट बदलल्याचं सिस्टरला सांगायचं असतं, असं मनातसुद्धा आलं नाही बघा.

जरा वेळानं पाळी बदलून आलेली सिस्टर भरलेली सुई घेऊन सरळ यांच्या खाटेशी आली.

"मावशी, पेशंटचं नाव सांगा."

"आमचे मालक हायेत."

"ते कळलं. नाव काय?"

आता आली का पंचाईत! लग्नातला उखाणा सोडला तर यांचं नाव मी कधी घेतलेलं नाही. म्हणलं, "सून यायलीच, ती सांगती. तुमी द्या सुई, त्यांना सोसंना."

सिस्टरनं यांना हलवून विचारलं. हे नुसते कण्हले.

"मग तुमीच वाचा कागदावरचं," मी म्हणलं, "मी मान हलविते."

"न्हाई मावशी. घाबरलेलं माणूस कोणत्याबी नावाला मान हलवतं. तुमच्या तोंडून ऐकल्याबिगर मी टोचणार न्हाई."

शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "आवो, ह्या वयात कसली लाज? घ्या की उखाण्यात!" सगळे हसले. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. यांचा श्वास भराभर चाललेला, औषध हातभर अंतरावर, आणि ही पोरगी अडून बसलेली. मी मनातल्या मनात देवाशी भांडले. एवढी वर्षं तुझ्या पायरीला येते, तुला एक सुई टोचवता येईना? हिचं मन वळव, आत्ताच्या आत्ता टोचू दे.

ती काही हलली नाही. शेवटी तोंडाला पदर लावून मी म्हणाले, "गंगाधर."

सिस्टरनं झटकन हात मागं घेतला. ती सुई यांची नव्हतीच. आधी या खाटेवर होते त्या आजोबांची होती, साखर उतरवायची. "यांनी काय खाल्लंय?" तिनं विचारलं. "कालपासनं काहीच न्हाई," मी म्हणलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "उपाशी अंगात ही गेली असती, मावशी, तर साखर पार उतरून जिवावर बेतलं असतं."

मग तिनं डॉक्टरांना बोलावलं, यांची नाडी, साखर बघितली, यांचं खरं औषध दिलं आणि तिथंच थांबली. अंगावर पुरळ उठतंय का, दम लागतोय का, हे मलाही बघायला लावलं. नंतरही जाता-येता ती यांच्याकडं नजर टाकायची. मी यांच्या छातीवरून डोळे काढले नाहीत. संध्याकाळी यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "पाणी दे."

पाणी पाजताना एकदम ध्यानात आलं. त्या दुपारी मी जीव तोडून देवाकडं मागत होते, ती तर तीच सुई होती. त्यानं ऐकलं असतं तर? तेव्हापासून हात जोडते, पण अमुकच दे म्हणत नाही. यांना त्याच्या पायाशी ठेवते आणि गप्प बसते. माझं ऐकलं नाहीस, नरसिंहा, तुझे लय उपकार.