पन्नासची रेघ
डायलिसिसच्या वॉर्डातल्या त्या नर्सला म्हातारेकोतारेसुद्धा ताईच म्हणत. घरी निघालेल्या प्रत्येकाला ती एकच वाक्य ऐकवायची, "पाणी मोजून प्या." मूत्रपिंडं गेलेल्या माणसाला जास्तीचं पाणी बाधतं. मी तळमजल्यावर रक्त तपासतो. माणसांपेक्षा त्यांच्या नळ्या मला जास्त ओळखीच्या. ताई मात्र नीट ओळखीची होती.

तिची आई गेली तेव्हा ताई अठराची आणि भाऊ सहाचा. तिनं लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "एक पोर पदरात आहे, आणखी कशाला?" पोर सहा फुटांचं झालं, सायकलच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरायला लागलं, तरी ही त्याला संत्रं सोलून द्यायची.

तो कायम चौथा यायचा आणि संघात तिघांनाच घेत. त्याला 'चौथा' हे नाव मीच पाडलं. ते सगळ्यांच्या तोंडी बसलं, त्याच्या कानावरही गेलं.

एकदा माझ्यासमोरच तो ताईला म्हणाला, "पुढचे तिघं काहीतरी घेतात. मीच गाढव आहे."

ते 'काहीतरी' ताईच्या वॉर्डातल्या फ्रीजमध्ये होतं. मूत्रपिंडं गेली की शरीर पुरेसं रक्त बनवत नाही, म्हणून डायलिसिसवाल्यांना इंजेक्शन देतात. धडधाकट माणसानं ते घेतलं तर दम वाढतो, पण रक्त दाट होत जातं. मग गाठ होऊन कुठे अडकेल याचा नेम नाही. हे ताईला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी मास्तरांच्या बाटलीतलं अर्धं औषध ती भावासाठी काढून ठेवू लागली. मास्तर म्हणजे आमचे सगळ्यात जुने रुग्ण, शाळेतून निवृत्त झालेले.

दर सोमवारी भाऊ माझ्याकडे रक्त द्यायचा. नळी यंत्रात फिरवली की लाल भाग तळाशी बसतो आणि पिवळं पाणी वर राहतं. शंभरात पंचेचाळीस लाल असलं की माणूस ठीक. ताईनं माझ्या मोजपट्टीवर पन्नासला पेनानं रेघ मारली.

"याच्या वर गेलं की बंद," ती म्हणाली. "माझा भाऊ आहे, प्रयोगातला उंदीर नाही."

मी मूग गिळून बसलो. माझ्या आईच्या आजारपणात रोज घरी येऊन सलाईन लावणारी ताईच होती.

शर्यतीत अचानक तपासणी झाली तर काय, यावरचा तोडगाही तिनंच त्याला शिकवला. तासभर आधी दोन लिटर मिठाचं पाणी प्यायचं. रक्त तेवढ्यापुरतं पातळ होतं आणि आकडा उतरतो.

चौथा दुसरा यायला लागला. सोमवारी अठ्ठेचाळीस, पुढच्या सोमवारी सत्तेचाळीस. ताई निर्धास्त झाली आणि डोस वाढवला. मास्तरांच्या वाट्याला आता जेमतेम पाव बाटली उरत होती.

"ताई, हल्ली दोन पायऱ्यांत धाप लागते गं."

"वय झालं, मास्तर," ती हसून म्हणाली.

दर सोमवारी आल्या आल्या भाऊ आधी मुतारीकडे पळायचा. मी चेष्टा करायचो, "टाकी गळते का रे तुझी?" तोही हसायचा.

निवडीची शर्यत भर उन्हात होती. वजन हलकं राहावं म्हणून त्यानं सकाळपासून पाण्याला तोंड लावलं नव्हतं. शेवटच्या चढावर तो पहिला होता. ताई कठड्याशी संत्रं सोलून उभी होती. तिच्यासमोरच त्यानं छातीवर हात दाबला आणि तो खाली आला. मागचे तिघं त्याला वळसा घालून पुढे गेले.

आमच्याकडे आणला तेव्हा संपलेला होता. शेवटचं काढलेलं रक्त घेऊन ताईच खाली आली. मी नळी फिरवली. लाल भाग तिच्या रेघेच्या कितीतरी वर. बासष्ट.

"सोमवारी सत्तेचाळीस होतं," ती म्हणाली.

"होतं."

तिनं नळी उजेडाकडे धरली. "पाणी पिऊन यायचा का रे तो?"

मला मुतारी आठवली. नाही म्हणता आलं असतं. पण सगळा दोष माझ्या एकट्याच्या डोक्यावर नको वाटला, म्हणून मी हो म्हणालो.

"मीच शिकवलं," एवढंच बोलून ती वर गेली. मी नळी धुऊन टाकली. कुणी काही विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी ती कामावर आली. मास्तरांना पुन्हा पूर्ण बाटली मिळू लागली. दोन महिन्यांत त्यांच्या गालांवर रंग आला. एक दिवस मी रिपोर्ट द्यायला वर गेलो होतो, तेव्हा ते जिना चढून आले. भरल्या वॉर्डात म्हणाले, "ताई, तुझ्या हाताला गुण आहे गं. मी तर आशाच सोडली होती."

ताईनं इंजेक्शन दिलं आणि दंडावर कापूस दाबून धरला.

"आणि तू सांगतेस तसं पाणी मोजूनच पितो हां. तुला फसवत नाही."

रक्त कधीच थांबलं होतं. ती कापूस दाबूनच उभी होती.

"शहाणे आहात, मास्तर," ती म्हणाली.