निर्व्यसनी

नवरा निवडताना तिने एकच गोष्ट पाहिली होती, तोंडाला वास येतो का. रूप, उंची, घरदार हे सगळं बाकीच्या मुलींनी पाहावं. ती दारुड्याची मुलगी होती. बाप संध्याकाळी जिना चढू लागला की आज ताटं फुटणार की नुसत्या शिव्यांवर भागणार, हे आई पावलांच्या आवाजावरून ओळखायची. तिने आणि धाकट्या भावाने लहानपणातल्या बऱ्याच संध्याकाळी पलंगाखाली काढल्या. त्यामुळे दारूला न शिवणारा माणूस तिच्या लेखी देवमाणूस. हे एकच माप घेऊन ती जगाच्या बाजारात उतरली आणि तेच तिला नडलं.

सोफे दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात ती गिलाफ शिवायला होती. तो खुर्च्यांना कापड चढवायचा. बारीक खिळे मूठभर तोंडात टाकायचा, जिभेने एकेक ओठांवर आणायचा, चुंबकाच्या हातोडीने तो उचलायचा आणि ताणलेल्या कापडावर टपकन ठोकायचा. तोंडात खिळे असल्यामुळे कोणी काही विचारलं की तो नुसती मान डोलवायचा. मालक अंगावर ओरडला तरी मान डोलवायचा. एकदा कापडाचं दुसरं टोक धरायला ती त्याच्या अगदी जवळ उभी राहिली आणि तिने मुद्दाम श्वास घेतला. दारूचा मागमूस नव्हता. सुकलेल्या गवतासारखा कसलातरी वास होता. गवतच ना, असं म्हणून तिने मनातल्या मनात होकार देऊन टाकला.

तो गांजा ओढतो हे तिला लग्नाआधीच कळलं होतं. ते व्यसन आहे, हे मात्र कधी तिच्या मनाला शिवलं नाही. व्यसन म्हणजे बाटली. व्यसन म्हणजे आरडाओरडा, शेजाऱ्यांची अर्धवट उघडलेली दारं आणि सकाळी काचा वेचणारी आई. हा बिचारा संध्याकाळी मागच्या पायरीवर बसायचा, कागदात पाला भरून वळायचा, सावकाश झुरके घ्यायचा आणि आत येऊन तिला विचारायचा, "दमलीस का गं?" असं तिला जन्मात कोणी विचारलं नव्हतं.

पुढे दोघांनी स्वतःचं दुकान काढलं. खाली दुकान, वर राहायची खोली. एका भिंतीला फोमच्या लाद्या, दुसरीला रेक्झिनचे रोल, मध्ये तिचं शिवणयंत्र. गिऱ्हाइकं त्याच्या कामापेक्षा त्याच्या स्वभावावर खूश असायची. दिलेल्या दिवशी काम झालं नाही म्हणून तणतणत आलेला माणूस त्याचं ते मंद हसू पाहून पाणी पिऊन परत जायचा. "सोफेवाल्याला राग येतच नाही," असं बायका म्हणायच्या, आणि यंत्रावर बसलेल्या तिला आभाळ ठेंगणं व्हायचं.

तिच्या धाकट्या भावाला सगळे प्रोफेसर म्हणत. शाळेशी त्याचं फारसं जमलं नव्हतं, पण फोन दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर बसून तो जगातलं सगळं ज्ञान फोनवरच मिळवायचा आणि दिसेल त्याला फुकट वाटायचा. गांजावर तर तो बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. "ताई, हा झाडपाला आहे. यात रसायन नाही. दारूने काळीज सडतं, याने काही सडत नाही. याची सवय लागत नाही, भावोजी मनात आणतील तेव्हा सोडतील. मोठमोठ्या रोगांवर चालतं हे!" भावोजींनी मनात कधी आणलं नाही, हा भाग वेगळा. आधी संध्याकाळी एक विडी होती, मग दुपारी जेवल्यावर एक झाली, मग सकाळी डोळा उघडल्या उघडल्या पायरीवर बसणं सुरू झालं. ती चहा तिथेच नेऊन द्यायची.

असं सगळं सुरळीत चाललं असताना त्याला सकाळी मळमळायला लागलं. पित्त असेल म्हणून दोघांनी सोडून दिलं. मग उलट्या सुरू झाल्या, त्याही अशा की पोटात काही उरलं नसलं तरी थांबायच्या नाहीत. काही दिवस बरे जायचे आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. एकदा तोंडात खिळे असतानाच उबळ आली आणि सगळं गिऱ्हाइकाच्या नव्या गादीवर पडलं. एखादा खिळा पोटात गेला की काय, या भीतीने तिने त्या घाणीतून चुंबकाची हातोडी फिरवली आणि तिला चिकटलेला एकेक खिळा धुऊन कागदावर मांडला. तो भिंतीला टेकून बसला होता. "राहू दे गं," म्हणाला. त्या अवस्थेतही त्याचा आवाज चढला नव्हता.

आराम पडायचा तो फक्त कढत पाण्याखाली. तो न्हाणीघरात फरशीवर बसून राहायचा, अंगावर गरम पाण्याची धार, भोवती वाफा, आणि पाणी गार झालं की पुन्हा ओकायला लागायचा. मग ती चुलीवर पातेली चढवायची. पोटावरची कातडी लालसर, जाळी उमटल्यासारखी झाली होती. तिला वाटलं, उष्णता बाहेर पडते आहे.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, नळ्या घालून झाल्या. प्रत्येक डॉक्टर सरावाने विचारायचा, "काही व्यसन?" आणि नवऱ्याने तोंड उघडायच्या आत ती ताठ बसून सांगायची, "छे! कशालाही शिवत नाहीत." आयुष्यात मिरवण्यासारखं हे एकच वाक्य तिच्याजवळ होतं, ते ती कशाला सोडेल? नवरा सवयीने मान डोलवायचा. एका दवाखान्यात पित्ताशयात दोष दिसतो असं सांगून ते काढून टाकलं. चांगलंच असावं ते बिचारं, कारण ते गेल्यावर उलट्या तसूभरही कमी झाल्या नाहीत.

मग प्रोफेसर धावून आला. त्याने गांजाच्या तेलाची लहानशी बाटली आणली. "कॅन्सरच्या पेशंटला उलट्या थांबायला हेच देतात, ताई. वाच, मी फोनवर पाठवलंय." यात खोटं काही नव्हतं, तीच तर खरी गोम. अर्धवट खरं गळी उतरवायला फार सोपं असतं. नवऱ्याला आता झुरकाही सोसवत नव्हता, म्हणून ती रोज त्याचं डोकं मांडीवर घेऊन जिभेखाली थेंब सोडायची. उलट्या वाढल्या की थेंब वाढवायची. आपण नवऱ्याला औषध देतोय, या समाधानात तिने स्वतःच्या हाताने त्याला पार खंगवून टाकलं.

शेवटी तो न्हाणीघरातच कोसळला. मोठ्या रुग्णालयात नेलं तेव्हा शरीरातलं पाणी आटलं होतं आणि मूत्रपिंडांनी जवळजवळ हात टेकले होते. तिथल्या तरुण डॉक्टरणीने त्याचा सदरा वर केला, पोटावरची ती जाळी पाहिली आणि भलताच प्रश्न विचारला.

"हे गरम पाण्याने अंघोळ फार करतात का?"

"दिवसभर पाण्याखालीच असतात. तेवढंच बरं वाटतं त्यांना."

"गांजा ओढतात?"

"हो," ती म्हणाली. "पण व्यसन काही नाही हो."

डॉक्टरणीने लिहायचं थांबवलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने स्टूल ओढलं आणि समजावून सांगितलं. गांजाने मळमळ थांबते हे खरं आहे, पण वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्यांपैकी काहींच्या शरीरात तो उलटतो आणि त्यानेच उलट्या सुरू होतात. गरम पाण्याने आराम पडणं ही त्याची खूण. सगळ्यांना होत नाही, पण ज्याला झालं त्याला कायमचा उपाय एकच, पूर्ण सोडणं. "आधीच्या डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी व्यसन विचारलं होतं," ती म्हणाली, आणि बोलता बोलताच तिला स्वतःचं बोलणं ऐकू आलं. ती उठून बाहेर गेली. पर्समध्ये ती तेलाची बाटली होती, रुग्णालयातही थेंब चुकायला नकोत म्हणून आणलेली. ती तिने कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि तिथेच डब्याला धरून रडली. तो जगावा, एवढंच तिला हवं होतं.

तो जगला. पुन्हा ओढलं तर मूत्रपिंडं जातील, हे ऐकून तो घाबरला आणि त्याने खरंच सोडलं. उलट्या थांबल्या, गालावर मांस आलं, खिळे पुन्हा तोंडात गेले. काही आठवडे चिडचिड होईल, झोप उडेल, घाम येईल, असं डॉक्टरणीने सांगून ठेवलं होतं. म्हणून पहिल्यांदा त्याने चहाचा कप भिंतीवर मारला तेव्हा ती मुकाट्याने काचा वेचायला बसली. गांजा उतरतोय, म्हणाली. गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर काढलं तेव्हाही तेच म्हणाली. ते आठवडे सरले. चिडचिड गेली आणि तिच्या जागी राग आला, चांगला ठणठणीत, दोन्ही वेळा जेवणारा राग.

एका दुपारी गिलाफाची शिवण बोटभर वाकडी गेली. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. त्याने तोंडातले खिळे हातात थुंकले, व्यवस्थित डबीत ठेवले आणि मग तिच्या कानाखाली वाजवली. खिळे ठेवायला जो वेळ लागला, तेवढ्यात तो थांबू शकला असता. हेच तिला सगळ्यात जास्त लागलं. तिच्या बापाला निदान दारूचं निमित्त होतं. सकाळी उतरली की तो पायाशी बसून रडायचा. याची उतरणार काय? हा तर शुद्धीवर होता.

गिऱ्हाईक पसार झाल्यावर तो म्हणाला, "मी ओढायला का लागलो, माहितेय? पोरवयात धाकट्या भावाचा हात मोडला होता मी. चेंडूवरून. मग कोणीतरी हे दिलं, डोकं थंड झालं. तू मला कधी पाहिलंच नाहीस." आणि पुढची खुर्ची ओढून कामाला लागला.

ती एकटीच डॉक्टरणीकडे गेली. गाल पदराआड होता, पण डॉक्टरणीच्या नजरेतून तो सुटला नाही.

"गांजाचा परिणाम किती दिवस राहतो?" तिने विचारलं. "हा राग कधी जाईल?"

"तो परिणाम केव्हाच संपला," डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली. "आता जे आहे ते त्यांचं स्वतःचं आहे. रागावरही उपचार असतो, समुपदेशक आहेत, मी चिठ्ठी देते. पण त्यांनी यायला हवं. आणि तोवर तुम्ही मार खात तिथे राहायचं नाही. दुसरीकडे कुठे राहता येईल का?"

तिने घरी येऊन त्याला विचारलं. "मी काय वेडा आहे?" असं म्हणून त्याने ती चिठ्ठी फाडली. दुसरीकडे कुठे जायचं, याचाही तिने विचार केला. दुकान दोघांचं होतं, यंत्र तिचं होतं, आणि माणूस? ज्याच्याशी लग्न केलं तो माणूस कुठे गेला म्हणून विचारायचं कोणाला? संताप येत होता तो स्वतःचाच. इतकी वर्षं धुराशी संसार केला आणि त्याला नवरा समजत राहिली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती प्रोफेसरच्या दुकानात गेली. तो एक फोन उघडून बसला होता. भावोजींच्या आजारपणापासून त्याने पक्ष बदलला होता आणि आता तो गांजाविरुद्ध तितक्याच हिरिरीने बोलायचा. ताईला पाहताच त्याने फोनवरचं काहीतरी दाखवायला घेतलं, "हे बघ, मेंदूवर काय परिणाम होतो ते, पोरवयात सुरू केलं तर..."

"तुझ्याकडे आहे का अजून?" तिने मध्येच विचारलं.

"काय?"

"तेल. नाहीतर पाला. काहीही."

त्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला. तिने पदर बाजूला केला. गालाकडे पाहून त्याचा चेहरा उतरला, पलंगाखाली उतरायचा तसाच. त्याने उघडलेला फोन बाजूला सारला.

"ताई, तू माझ्याकडे ये राहायला. आजच ये," तो म्हणाला. "पण ते नको. पुन्हा सुरू केलं तर मरतील भावोजी. डॉक्टरीण काय म्हणाली ते तूच सांगितलंस मला."

"माहितेय."

"पुन्हा ते सगळं सुरू होईल. ओकणं, न्हाणीघरात पडून राहणं..."

"होऊ दे," ती म्हणाली. "ओकलेलं मला पुसता येतं."